सहा अनारसे

मुलुंड (पूर्व)
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

जयाताई,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कोणाचं ते तुला कळलंच असेल. तरी फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेजवरच्या दोन खुणा सहा वर्षांत एकदाही निळ्या झाल्या नाहीत. पत्र फाडायचं म्हटलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून हा उद्योग.

कामाचंच लिहितो. मला मधुमेह झालाय. अण्णांचा वारसा घराबरोबर हाही आला म्हणायचा. ऑगस्टमध्ये कळलं. डॉक्टर म्हणाले, "दिवाळी सांभाळा." मी विचारलं, सांभाळा म्हणजे नक्की काय करू? "फराळ थोडा खा." थोडा म्हणजे किती? "थोडा म्हणजे थोडाच हो!" चौतीस वर्षं मी मरोळच्या कारखान्यात प्रेशर गेज तपासले. 'थोडा' नावाचं माप तिथे एकाही गेजवर नव्हतं. माझं डोकं फिरलं.

लेकीला, सईला सांगितलं तर ती हसत सुटली आणि चार दिवसांत तिने एक यंत्र मागवलं. दहाच्या नाण्याएवढं बटण आहे. आज दुपारी चारला तिने ते माझ्या दंडावर ठक्कन बसवलं. दुखलं नाही. आता फोनवर दिवसभर एक रेष दिसते, रक्तातली साखर वर गेली की वर, खाली आली की खाली. मी तेव्हापासून त्या रेषेकडेच बघत बसलोय. चहा प्यायलो तर ती हलली! मला तर फार गंमत वाटली. चौदा दिवस चालतं म्हणे, म्हणजे भाऊबीजेला दुपारी चार वाजता बंद पडणार.

तर मी असं ठरवलंय. फराळाचा एकेक पदार्थ घ्यायचा, एका वेळी एकच. वजन करायचं. खाण्याआधीचा आकडा, तासाभराने, मग दोन तासांनी, सगळं वहीत. शर्मिष्ठा म्हणते, "अहो, ही दिवाळी आहे की परीक्षा?" तिला म्हटलं, परीक्षा फराळाची आहे, माझी नाही.

आता प्रश्न. अनारशाच्या एका वाटी पिठाला गूळ किती घालायचा? आईचं प्रमाण फक्त तुला माहीत आहे. आमच्या घरात आता अनारसे होत नाहीत. का होत नाहीत तेही तुला माहीत आहे.

नंदू


मंगळवार, १४ ऑक्टोबर

जयाताई,

तुझं कार्ड मिळालं. "एका वाटीला पाऊण वाटी गूळ. चिकीचा नको." वर मायना नाही, खाली सही नाही. पण अक्षर अजून तसंच, शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं. मी ते कार्ड शर्मिष्ठाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, एका ओळीचं वाचन केवढं कराल! मग स्वतःच घेऊन तिसऱ्यांदा वाचलं.

आता माझे निकाल ऐक, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

पातळ पोह्यांचा चिवडा, एक वाटी. ११२ वरून १५८. ठीक. घरचा बेसनाचा लाडू, अर्धा. १५१. तोही ठीक. पण दोन चकल्या खाल्ल्या आणि मी चाट पडलो. चकली गोड नाही म्हणून मी तिला आयुष्यभर निर्दोष समजत होतो. ती हळूहळू चढली आणि तीन तास उतरायचं नाव घेईना. लाडू येतो, गोंधळ घालतो आणि निघून जातो. चकली मुक्कामाला राहते.

आणि सगळ्यात कहर म्हणजे सुबोधने आणलेला 'साखरविरहित' लाडू. सुबोध म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधला, बँकेतला, रिटायर झालेला. खजुराचा लाडू, वर हिरवं पान छापलेला डबा. "बिनधास्त खा, डायबिटीसवाल्यांसाठीच आहे ना!" खाल्ला. २०३! मी त्याला फोन दाखवला तर तो म्हणतो, "तुझं मशीनच बोगस आहे." मग बोटाला टोचून साध्या यंत्रावरही तपासलं. १९८. तेव्हा डबा उचलून घरी गेला बिचारा.

पण मग मला एक शोध लागला. तोच अर्धा बेसनाचा लाडू मी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खाल्ला. जेवणात मुगाची उसळ होती, काकडीची कोशिंबीर, एक भाकरी. लाडू धरूनसुद्धा रेष १४०च्या वर गेली नाही! तिसऱ्या दिवशी तसंच जेवून, तोच लाडू खाऊन बिल्डिंगला बारा फेऱ्या मारल्या. १२९. म्हणजे काय खाल्लं हे अर्धंच झालं. कशाच्या पाठीवर खाल्लं आणि नंतर बूड हललं की नाही, हे उरलेलं अर्धं. आई फराळ जेवणाच्या पानातच वाढायची, मधल्या वेळी डब्याला हात लावला की रागवायची. तिला कोणत्या यंत्राने सांगितलं होतं, मला कळत नाही.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरलीये. काल लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या राधावहिनी शर्मिष्ठाला म्हणाल्या, "आमच्याही चकलीचा आकडा काढून द्या ना. तुमची एकशे सत्तरला गेली म्हणे?" जणू चकलीला मार्कच मिळतायत. संध्याकाळी त्यांचा डबा आला. शर्मिष्ठाने तो मला दाखवला आणि उचलून फळीवर ठेवून दिला. माझा नवरा म्हणजे प्रयोगशाळा नाही, असं तिला म्हणायचं होतं बहुतेक.

तुझे गुडघे कसे आहेत? विचारायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, तरी विचारलं.

नंदू


शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

जयाताई,

यावेळी कार्ड आलं नाही. दिवाळीमुळे पोस्ट खोळंबलं असेल, असं मी शर्मिष्ठाला सांगितलं.

माझी वही काल तिने चाळली. शंकरपाळे, शेव, करंजी, सगळ्यांपुढे आकडे. मधे एक ओळ कोरी. "हे अनारशाचं कधी करणार?" म्हणाली. मी म्हटलं, करू. "रोज करू म्हणताय." मग उठलो आणि स्टेशनजवळच्या दुकानातून चार अनारसे आणले. जाड, कडक, साखरेचे, आणि जाळीच्या नावाने शून्य. एक खाल्ला. १९६. वहीत लिहिलं आणि मग खोडलं. कारण नमुना चुकीचा. कारखान्यात आम्ही एका गेजचा आकडा दुसऱ्याच्या नावावर कधी लिहीत नसू. अण्णांनी खाल्लेला अनारसा तुझा होता, दुकानातला नव्हता.

आता अण्णांचं नाव आलंच आहे तर लिहितो. गेले नऊ दिवस त्याच्याभोवतीच घिरट्या घालतोय.

दोन हजार एकोणीसची दिवाळी. वसुबारसेला तू बोरिवलीहून डबा घेऊन आलीस, आईचं नाव कोरलेला पितळी कडीचा. त्यात सहा अनारसे. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी तू पहिल्यांदाच केले होतेस. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी अण्णांना दरदरून घाम आला. आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, तू धावत आलीस, खांद्याला पिशवी तशीच. आणि मी तुला सगळ्यांसमोर, आत्याच्या, भावोजींच्या, तुझ्या निहारच्या समोर म्हटलं, "सहा अनारसे चारलेस तू त्यांना. सहा! मधुमेह असलेल्या माणसाला!" तू नुसती पिशवी खाली ठेवलीस. चार दिवसांनी अण्णा गेले.

तेरावा झाल्यावर मी डबा कुरियरने परत पाठवला. रिकामा. आपल्या घरात कोणाचा डबा कधी रिकामा गेला नाही, काही नसलं तर आई चमचाभर साखर तरी घालायची. मी विसरलो नव्हतो, ताई. मी तो घासला, पुसला, आणि आत काही राहिलं नाही ना, ते उजेडात धरून बघितलं. तुला लागावं म्हणूनच केलं.

डब्याबद्दल मला माफ कर. त्याच्या आधीचं अजून लिहिता येत नाहीये.

नंदू


मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, सकाळी

ताई,

काल नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून सहाला फराळाला बसलो. रिकामं पोट, आणि ताटात सगळं थोडं थोडं. ते डॉक्टरांचं 'थोडं'. २३८! आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. सईने फोन काढून घेतला आणि मला खाली फेऱ्या मारायला पिटाळलं. मी नवीन सदरा घालून, कानाला अत्तराचा बोळा लावून बिल्डिंगभोवती फिरत होतो आणि लोक 'शुभ दीपावली' म्हणत होते.

फिरताना ठरवलं की आज लिहायचं. सई उद्या पाडव्याला कांदिवलीला मैत्रिणीकडे जाणार आहे, ती पुढे येऊन हे पत्र तुझ्या हातात देईल. पोस्टावर सोडवत नाही.

अण्णांनी सहा अनारसे खाल्ले नव्हते. एक खाल्ला होता.

त्या दुपारी जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, जयीचा अनारसा दे. मी एक दिला. त्यांनी तो वाटीत दूध घेऊन, मोडून, अर्धा तास लावून खाल्ला. मग मी डब्याचं झाकण लावायला स्वयंपाकघरात गेलो. झाकण लावण्याआधी एक खाल्ला. उभ्यानेच. मग दुसरा. तेव्हा शर्मिष्ठाने माझं वजन वाढलं म्हणून गोड बंद केलं होतं, त्यामुळे घाईघाईत, खिडकीकडे तोंड करून खात होतो. पाच खाल्ले मी. पाचही.

तासाभराने तिने डबा बघितला. "हे कोणी संपवले?" मी म्हटलं, अण्णांनी. कोणताही नवरा मारतो तशी ही थाप. दुसऱ्या दिवशी आपणच सांगायचं आणि सगळ्यांनी हसायचं, असल्या लायकीची. पण दोन तासांनी अण्णांना घाम फुटला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, आज काय खाल्लं होतं? शर्मिष्ठा म्हणाली, सहा अनारसे. आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानंतर तू आलीस.

तुझ्यावर ओरडलो तेव्हा ते मला खरंच वाटत होतं का, याचा मी सहा वर्षं विचार करतोय. त्या क्षणी वाटत होतं, ताई. मी स्वतःचं खोटं इतक्या जोरात बोललो की मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, साखर वाढलेली आहे, पण दुखणं हृदयाचं आहे, दोन रक्तवाहिन्या बंद आहेत, आजचं नाही हे. तेही मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सहाचा आकडा कशाला, असं कोणीतरी विचारलं असतं.

चौतीस वर्षांत मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. मुकादम म्हणायचे, नंदकुमारची सही असेल तर पुन्हा तपासू नका. घरात एकदाच खोटा आकडा सांगितला आणि तो तुझ्या नावावर चढवला.

शर्मिष्ठाला काल रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यापाशी काय रडताय? बोरिवलीला सांगा."

आता मागायचं ते मागतो. हे बटण परवा दुपारी चारपर्यंत चालू आहे. मला तुझ्या हातचा एक अनारसा हवा आहे. एकच. त्या एकाने काय होतं ते मला तुझ्यासमोर बघायचंय. माझं शरीर म्हणजे अण्णांचं शरीर नव्हे, हे मला कळतं. त्याने काही सिद्ध होणार नाही, तेही कळतं. तरी तो एक आकडा तरी खरा असावा. भाऊबीजेला येऊ की नको, तू ठरव. नको म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.

नंदू


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ताई,

काल तू मला एक प्रश्न विचारलास आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे शेवटचं एक. यानंतर फोनवर बोलू.

पण आधी मला सगळं एकदा लिहून काढू दे, माझी सवय तुला माहीत आहे.

सकाळी नऊला मेसेज आला. सहा वर्षांनी माझ्या खुणा एकदम निळ्या झाल्या आणि खाली तुझी ओळ, "जेवायला ये. आधी जेवण, मग अनारसा." म्हणजे माझी सगळी पत्रं तू नीट वाचली होतीस, बेसनाच्या लाडवापर्यंत! मी इतका वेळ फोनकडे बघत उभा राहिलो की शर्मिष्ठाने येऊन मला हलवलं.

दार तू उघडलंस. माझ्या पिशवीतला वजनकाटा बघून म्हणालीस, "काटा घेऊन भाऊबीजेला आलास? आई असती तर लाटणं घातलं असतं डोक्यात." मग ओवाळलंस, पण माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाहीस. नुसती निरांजनाकडे बघत होतीस. जेवताना भावोजी आणि निहार क्रिकेटवर बोलत राहिले, ते बरं झालं. मटकीची उसळ, पडवळाची भाजी, एक पोळी. मला तू दुसरी विचारलीही नाहीस.

मग तू गॅसजवळ गेलीस. पिठाची गोळी खसखशीवर थापलीस, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडलीस, उलटवली नाहीस, झाऱ्याने वरून तूप उडवत राहिलीस. जाळी पडताना मी मागे उभा होतो. अठ्ठावीस ग्रॅम. सव्वा वाजता खाल्ला.

आणि आपण दोघं टेबलाशी बसलो, मधे फोन. भावोजींनी टीव्ही बंद केला आणि निहारला घेऊन खाली गेले. १२४. दहा मिनिटांनी १३३. मग १५०. तू दर वेळी चष्मा सारखा करून बघत होतीस. १६९. १७२. तिथे रेष थांबली, तेव्हा तुझा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेला होता. मग ती वळली. १६०. १४७. साडेतीनला १३१.

"एवढंच?" तू म्हणालीस.

"एवढंच."

"एका अनारशाचं एवढंच?"

"हो, ताई."

आणि मग तू जे बोललीस ते मी लिहीत नाही. माझ्यासाठी होतं आणि मला ते मिळायलाच हवं होतं. सहा वर्षं पीठ मळायला घेतलं की हात थांबायचा, निहारच्या लग्नातसुद्धा अनारसे विकतचे आणलेस, हे सांगितलंस तेव्हा मी मान वर करू शकलो नाही. "नालायक आहेस तू, नंदू." मी हो म्हटलं. चार वाजता फोनवर 'सेन्सर संपला' असं आलं. तू तेही वाचलंस.

आणि मग डोळे पुसून, एकदम दुसऱ्याच आवाजात तू विचारलंस, "ते पाच तू खाल्लेस ना? मग कसे झाले होते? मी चाखलाच नव्हता रे एकही. पीठ जरा सैल झालंय असं वाटत होतं मला. कोणाला विचारायची सोयच राहिली नाही."

मी उठलो, चपला घातल्या. तू डबा हातात दिलास. तोच, पितळी कडीचा. "पाच आहेत," म्हणालीस. "मोजून दिलेत. शर्मिष्ठाला आणि सईला. तू हात लावायचा नाहीस."

हात लावला नाही, साक्षीदार सई. आज दोन उरलेत. डबा शर्मिष्ठाकडे आहे, रविवारी आम्ही तिघं येताना तो तुझ्याकडे परत येईल, तिच्या भाजक्या चिवड्याने भरून.

घरी आल्यावर मला एक गोष्ट सुचली. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, दळायचे, मग पीठ मुरायला चार-पाच दिवस. माझं कबुलीचं पत्र तुला बुधवारी मिळालं आणि गुरुवारी अनारसा तयार. म्हणजे तू तांदूळ भिजत घातलेस ते माझ्या पहिल्याच पत्रानंतर, नुसतं गुळाचं प्रमाण विचारलं होतं तेव्हाच. हे लक्षात आल्यावर मी शर्मिष्ठाला उठवून सांगितलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पीठ सैल नव्हतं, ताई. जाळी कडेपर्यंत पडली होती, मधोमध मऊ होते, खसखस करपली नव्हती. फार सुंदर झाले होते. म्हणून तर थांबता आलं नाही.

आणि हे माझं एकट्याचं मत नाही. त्या दुपारी अण्णांनी वाटीतला शेवटचा तुकडा खाल्ला, वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जयीला फोन करून सांग, अगदी तिच्या आईसारखे जमलेत."

मी फोन केला नाही. संध्याकाळी करू म्हटलं, आणि मग ती संध्याकाळ झाली. आज सांगतोय.

नंदू